दगडाखालचा कचरा

नाशिकला समुद्र नाही, हे मला माहीत आहे. तरीही गेली बारा वर्षं लोक मला ही माहिती न चुकता देत आले आहेत. "तुम्ही नाशिकच्या, मग समुद्रावर कसलं काम?" असं कोणी विचारलं की मी "कचरा मोजायचं" असं सांगते. मग समोरचा माणूस एक तर विषय बदलतो, नाही तर खुर्ची पुढे ओढतो.

आमच्या शेजारच्या देवरेकाकू खुर्ची ओढणाऱ्यांपैकी. नव्याने राहायला आल्या तेव्हा त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली.

"कचरा उचलता म्हणजे."

"नाही, मोजते."

"मग उचलतं कोण?"

"नंतर दुसरे लोक येतात."

काकूंनी हातातली मेथी निवडता निवडता जरा विचार केला. म्हणाल्या, "मग तुम्ही एवढ्या लांब जाताच, तर येताना थोडा घेऊनच का नाही येत?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं आणि ते मी झोकात दिलं. आज तसं देणार नाही. का, तेच ह्या लेखात सांगायचं आहे. पण आधी काम समजावून सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे अडखळायला नको.

सिंधुदुर्गात किनाऱ्याचे काही तुकडे असे आहेत की तिथे रस्ता जात नाही. वर कातळाचा कडा, खाली समुद्र आणि मध्येच कुठेतरी वाळूची चिमूटभर पुळण. लाँच खडकांमुळे जवळ जात नाही, वरून उतरायला वाट नाही. तिथे जायचं तर कयाक बरी. कयाक म्हणजे एकट्यापुरती, लांबट आणि अरुंद होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडे, उजवीकडे मारत राहायचं. वीतभर पाण्यात चालते, दोघांनी उचलली तर उचलते, आणि उलटली तर आपलं आपण निस्तरायचं. माझी पिवळीधमक होती. कोकणातले कोळी तिला 'तवसां' म्हणत. त्यांच्या बोलीत तवसां म्हणजे काकडी.

मी मूळची शाळेतली पी.टी.ची बाई. गंगापूर धरणावर मुलींना वल्हवायला शिकवता शिकवता स्वतः शिकले. शाळा सुटली, पण खांदे अजून शाबूत होते, म्हणून एका संस्थेच्या ह्या पाहणीच्या कामात शिरले. शिट्टी मात्र सुटली नाही. लाइफ जॅकेटला शिट्टी असतेच, आणि मी ती जरुरीपेक्षा जास्त वाजवते अशी माझ्या जोडीदाराची तक्रार असे.

जोडीदार म्हणजे नदीम. मालेगावचा, चाळिशीचा, घरात पिढ्यान् पिढ्या माग. माणूस अबोल, पण सुताचा तुकडा हातात आला की बोटं बोलायला लागायची. पोहायला तो गिरणेत शिकला असं सांगायचा. गिरणेला वर्षातून किती महिने पाणी असतं ते माहीत असल्याने मी त्याच्यावर पहिलं वर्षभर नजर ठेवून होते.

पुळणीवर उतरलं की शंभर मीटरची टेप टाकायची. पाण्याच्या कडेपासून जिथे झाडोरा सुरू होतो तिथपर्यंतची पट्टी आपली. त्या पट्टीत अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी जी माणसाने बनवलेली वस्तू दिसेल, ती मोजायची आणि फॉर्मवर लिहायची. प्लास्टिक, काच, रबर, कापड, दोर-जाळी आणि 'इतर'. खरी गंमत 'इतर'मध्ये. तिथे मला टिपॉयचा एक पाय, सलाईनची नळी, कोणाच्या तरी लग्नातला भरजरी फेटा आणि चालू घड्याळ मिळालं आहे. चपला तर मिळतातच. एका पुळणीवर नुसत्या डाव्या पायाच्या निघाल्या. नदीम म्हणाला, "मॅडम, उजव्या पायाचे लोक कुठे उतरले?" लाट डाव्या-उजव्या चपला वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन टाकते, त्यात गूढ काही नाही. पण दोन वाड्या सोडून एका घळीत आम्हाला सगळ्या उजव्या मिळाल्या तेव्हा आम्ही दोघं जेवण थांबवून हसलो होतो.

किनाऱ्यावरच्या पोलिसांनी एकदा आम्हाला अडवलं. होडीचे कागद मागितले. मी म्हटलं, इंजिन नाही, कागदही नाहीत. "मग ही होडी नाही," हवालदार म्हणाले. मी म्हटलं, नसू दे. त्यांची मात्र पंचाईत झाली, कारण वहीत काहीतरी लिहायला हवं. बरंच डोकं खाजवून त्यांनी लिहिलं ते मी वाकून वाचलं: 'एक महिला व एक पुरुष, दोघे राहणार नाशिक जिल्हा, समुद्रात तरंगत्या अवस्थेत मिळून आले. विचारपूस करून सोडले.' त्यांनी चहाही पाजला.

आता देवरेकाकूंच्या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर. मोजणाऱ्याने उचलायचं नाही. मोजता मोजता उचललं की आकडे चुकतात, आणि काकडीत मावणार तरी किती? आम्ही नकाशा द्यायचा, 'प्राधान्याने उचलण्याजोगं' असा शेरा मारायचा, खाली सही करायची. मग लाँच बाहेर नांगरून पंधरा-वीस स्वयंसेवक लहान होड्यांतून येऊन उचलणार. ह्या सहीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. शाळेत माझ्या सहीने फार तर मैदानावर चुना टाकला जायचा. इथे माझ्या सहीने आख्खी पुळण साफ व्हायची.

एका घळीची गोष्ट त्यातलीच. गावाचं नाव देत नाही, लोक ओळखीचे आहेत. गावापासून वल्हवत तासाभरावर कड्यात एक घळ होती, आत छोटी पुळण, आणि पुळणीच्या मागे भरतीचं पाणी पोचणार नाही असा कातळाचा कोरडा ओटा. मे महिन्यातली पाहणी होती. ओट्यावर जाळ्यांचा आणि दोरांचा मोठा ढीग होता. हिरवी, निळी, पांढरी जाळी, तऱ्हेतऱ्हेचे तुकडे, दोराची वेटोळी आणि जाळं तरंगत ठेवणारे बोये. ढिगावर एक काळा, गुळगुळीत, कलिंगडाएवढा दगड.

नदीम खाली बसला. जाळ्याची एक कड बोटांत धरून बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, ये गाठ ताजी है. हाताने मारलेली. दोन वेगळी जाळी कोणीतरी जोडलीत. बघा ना, जाळीची घरं किती सारखी आलीत."

मी म्हटलं, "फॉर्ममध्ये गाठीचा रकाना नाही. लिही, दोर-जाळी, मोठा ढीग."

"आणि हा दगड?"

"शेऱ्यात लिही. दगडाखाली दबलेलं."

त्याने लिहिलं. वादळी लाटेने वर फेकलं असणार आणि दरड पडून दगड आला असणार, असं मी त्याला समजावूनही सांगितलं. दरडीतून पडलेला दगड गुळगुळीत नसतो, हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. मी पंचवीस वर्षं पाचवीला शिकवलं. पण माझ्या डोक्यात फॉर्म होता आणि भरती चढत होती. मी शेरा मारला, प्राधान्याने उचलण्याजोगं, आणि सही ठोकली.

लाँच आली, ढीग गेला. तरुण मंडळींनी रिकाम्या ओट्यावर 'स्वच्छ किनारा' असा फलक लावला आणि त्यावर पाहणीप्रमुख म्हणून माझा फोन नंबर टाकला. माल ट्रकने सिन्नरला, प्लास्टिकचे दाणे करणाऱ्या एका कारखान्यात जायचा होता. हा कारखाना मीच सुचवला होता, म्हणजे समुद्रातलं जाळं नाशिक जिल्ह्याच्या उपयोगी पडेल. मी घरी आले, खांद्याला तेल लावलं, आंब्याची पेटी उघडली.

चार दिवसांनी फोन आला. बाईमाणसाचा आवाज, चढलेला नाही, अगदी सरळ.

"तुमी त्या तवशातल्या बाई ना? घळीतलां आमचां सामान तुमी न्हेलात काय?"

मी म्हटलं, "सामान नाही हो, कचरा होता. जाळी, दोर."

मग त्या म्हणाल्या, "कचऱ्यार दगड कोण ठेवता, बाई?"

त्या यशोदाबाई. नवरा वासुदेव तारी दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी. ते सगळं त्यांनी मला त्या फोनवर सांगितलं, रडारड नाही, ओरडा नाही, मला समजावं म्हणून लहान मुलाला सांगावं तसं. त्या गावात रीत होती. समुद्राने टाकलेली वस्तू ज्याने भरतीच्या रेषेवर ओढून ठेवली आणि तिच्यावर दगड ठेवला, ती त्याची. मग ती महिनाभर पडो की तीन वर्षं, दुसरा कोणी हात लावत नाही. दगड नसेल तर ती समुद्राची. इतकी साधी गोष्ट, आणि ह्या रिवाजावर गावात कधी भांडण झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"तीन वर्सां जमयत होतंय मी," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचो गुडघो गेलो. अवंदा लाँचीर जावचां नाय, आपलां जाळां घालून घरच्या होडयेन मासे मारूचे, असां ठरलेलां. पाऊस लागाच्या आदी सामान घराक हाडूक गेलंव, तर थंय तुमचो बोर्ड."

मी म्हटलं, माझी चूक झाली.

"चुकलां म्हणून जाळां परत येतलां काय?" त्यांनी विचारलं. हा टोमणा नव्हता. खरंच येईल का, असं विचारत होत्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही हे सांगून टाकते. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नका. आणि मी दुसऱ्याचा मोसम उचलून दिला होता, वर सही करून. नदीमला फोन केला. तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. "सिन्नरला भेटू सकाळी," एवढंच म्हणाला.

सिन्नरच्या कारखान्यात आम्ही पोचलो तेव्हा दुसरी चहाची सुट्टी चालू होती. मुकादम भला माणूस. मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला लावलेली पेन्सिल काढून पुन्हा लावली.

"म्हणजे तुम्ही कचरा दिलात आणि तो परत न्यायला आलात?"

"हो."

"असं आजवर कोणी आलं नाही बघा. लोक इथं माल टाकून पळतात."

त्यांनी आम्हाला मागच्या आवारात नेलं. बोये एका कोपऱ्यात पडलेले, कारण ते यंत्रात चालत नाहीत. दोरांची वेटोळी निम्मीअधिक शिल्लक. जाळी मात्र आदल्या दिवशीच यंत्रात गेली होती. मुकादमांनी एका उघड्या पोत्याकडे बोट दाखवलं. आत निळसर हिरवे दाणे, मसुराएवढे. "ह्यात असेल तुमची जाळी. ह्याची घमेली होतात." मी मूठ भरून घेतली. दाणे अजून कोमट होते. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो काढायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. नदीमने एक दाणा बोटांत फिरवून परत पोत्यात टाकला.

बोये आणि दोर मुकादमांनी नुसत्या पोचपावतीवर दिले. पावतीवर मालाचं वर्णन काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सामान." त्यांनी तसंच लिहिलं.

जाळी राहिलीच. नवीन जाळं घेऊन देऊ, असं मी फोनवर बोलून बसले होते, तर यशोदाबाईंनी ते तिथल्या तिथे तोडलं. "दान नको. आमचां जा गेलां, तां बघा." त्यांचा हिशोब साफ होता. गेलं ते जुनं जाळं, तर जुनंच हवं.

जुनं जाळं मिळावं कुठे? आणि इथे मला माझा भाऊ आठवला. निफाडजवळ आमची वडिलांची थोडी जमीन आहे, भाऊ तिथे द्राक्षाची लहानशी बाग करतो. पाखरं घडांना चोची मारतात म्हणून त्या भागात बागेवर जुनी मासेमारीची जाळी टाकतात. व्यापारी ती किनाऱ्यावरूनच आणून विकतात. भावाच्या घरामागे अशा जाळ्यांचा, ठिबकच्या नळ्यांचा, मोडक्या क्रेटचा आणि तारांचा एक जंगी ढीग आहे. दर दिवाळीला मी त्याला सांगते की हा उकिरडा हलव, आणि दर दिवाळीला तो म्हणतो, "ऱ्हाऊ दे, येतं कामाला."

मी आणि नदीम तिथे गेलो. भाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "लय शिकली तू. समुद्रावर जाऊन लोकांचं घरदार मोजून आली."

"टोचून बोलू नको, भाऊ. जाळी दे."

"घे ना. तुझ्या भाषेत कचराच हाय तो." मग नदीमकडे वळून म्हणाला, "दर दिवाळीला मला ऐकवती ही. नाकानं कांदे सोलती. आता आली पदर पसरून."

ढिगावर पत्रा होता. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर चार दगड ठेवलेले. हे दगड मी लहानपणापासून बघत आले होते, आधी वडिलांचे, मग भावाचे. नदीमने माझ्याकडे पाहिलं. दगड भावाने स्वतः उतरवले, बाजूला ओळीने ठेवले, आणि आम्ही निघताना पुन्हा चढवले.

टेम्पो करून आम्ही दोघं कोकणात उतरलो. वाटेत नदीम जाळ्यांचे तुकडे मांडीवर घेऊन तपासत होता आणि वाईट निघालेले गुपचूप पायाखाली सारत होता. यशोदाबाई अंगणात उभ्या होत्या. बारीक, ताठ, डोक्यावर टॉवेल. आमचं स्वागत वगैरे नाही. त्यांनी बोये एकेक वाजवून बघितले, दोर ओढून बघितला, मग जाळ्यांकडे आल्या. दोन्ही हातांत धरून हिसडा द्यायच्या. टरकन फाटलं की डावीकडे, टिकलं की उजवीकडे.

"ह्यां चलात. ह्यां नाय. ह्यां पण नाय. उन्हान खाल्लां ह्यांका." डावीकडचा ढीग वाढत गेला. "द्राक्षांका चलात, माशांका नाय. मासो ताकदीचो."

वासुदेव ओट्यावर पाय लांब करून बसले होते. गुडघ्याला पट्टा. ते सगळा वेळ माझ्याकडे न बघता जाळ्यांकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "अर्ध्याक अर्धां झालां." म्हणजे लागणाऱ्या जाळ्याच्या निम्म्याचंही निम्मं. बाकीचं पुन्हा समुद्राने द्यायचं आणि यशोदाबाईंनी जमवायचं.

"मग ह्या वर्षी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लाँचीर," ते म्हणाले, आणि पट्टा आवळला.

यशोदाबाईंनी आम्हाला जेवायला वाढलं. सोलकढी, भात आणि सुकटीची चटणी. जेवायची इच्छा नव्हती, पण पान टाकून उठणं हा दुसरा अपमान झाला असता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. तो मारुती मी त्या ओट्यावर पाय पसरून बसलेला बघितला. तो मोसम त्यांचा गेला. त्यात माझ्याकडे सांगण्यासारखं सुख काही नाही.

नाशिकला परतल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं की फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, 'मालकाचं'. उत्तर आलं की हा फॉर्म सगळीकडे एकच असतो, एका गावासाठी बदलला तर आकडे जुळणार नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. मी दुसरं पत्र लिहिलं नाही. त्याऐवजी दर पाहणीच्या आधी गावात एक दिवस जास्त राहायला लागले. पहिल्या दिवशी टेप बाहेर काढायचीच नाही. जेट्टीवर बसायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं की कुठे काय ठेवलंय. निम्म्या गावांत लोक हसायचे. उरलेल्या निम्म्यांत काहीतरी निघायचंच. एकीकडे मोडक्या होडीचा तळ कोंबड्यांचं खुराडं म्हणून ठेवला होता, दुसरीकडे रिकाम्या ड्रमांवर एका म्हाताऱ्याचा तराफा व्हायचा होता. माझे आकडे त्यामुळे कमी झाले. एक-दोन तरुण सहकाऱ्यांना वाटलं, बाईंचे डोळे गेले.

ह्याला दोन मोसम झाले. माझी शेवटची पाहणी त्याच घळीत होती. डाव्या खांद्याने राजीनामा दिला होता, म्हणून मीच ती जागा मागून घेतली. सकाळी आम्ही आत शिरलो तर पुळणीवर एक छोटी होडी ओढलेली, आणि ओट्यावर वासुदेव जाळं पसरून बसलेले. हिरव्या, निळ्या, पांढऱ्या तुकड्यांचं, शिवलेलं, आख्खं जाळं. त्यात निफाडचे तुकडे कुठले ते मी ओळखायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. नदीमने मात्र दोन गाठींना बोट लावलं. वासुदेवांनी मान डोलावली. यशोदाबाई दिसल्या नाहीत.

आम्ही काकड्या भरतीच्या रेषेपर्यंत ओढल्या आणि घळीच्या दुसऱ्या टोकाला टेप टाकायला गेलो. तासाभराने परत आले तर माझ्या काकडीवर दगड होता. बसायच्या जागेच्या पुढे, बरोब्बर मध्यावर. काळा, गुळगुळीत, कलिंगडाएवढा. नदीमची काकडी मोकळी होती.

वासुदेव जाळ्यातून मान वर करायला तयार नव्हते. नदीमने खाली बघून हसू लपवलं.

भरती चढत होती. आधी पाण्याने माझ्या काकडीचं मागचं टोक ओलं केलं, मग ती जराशी हलली. "मॅडम, पाणी आलं," नदीम म्हणाला. "दगड काढून वर ओढू का?"

"हात लावू नको."

"वाहून जाईल."

"जाऊ दे. तिच्यावर दगड आहे."

मी काकडीशेजारी पाण्यात बसले, एका हाताने तिची कड धरून, आणि वाट बघितली. बसल्या बसल्या कंबरेपर्यंत भिजले. असं ताटकळत बसायची वेळ माझ्या पंचवीस वर्षांच्या शाळेत नुसती मुलांवर यायची. खांदा ठणकत होता. पण सांगते, त्या तासात मला फार बरं वाटत होतं.

यशोदाबाई कातळाच्या आडून आल्या, खांद्यावर दोराचं ओलं वेटोळं. मला पाण्यात बसलेली पाहून थांबल्या.

"दगड काडूक येत नाय काय तुमका?"

"येतो," मी म्हटलं. "पण तुमचा आहे."

त्यांनी वेटोळं खांद्यावर नीट सरकवलं. मग पाण्यात उतरल्या, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि तो पोटाशी धरून वर ओट्याकडे गेल्या. खांद्यावरचं वेटोळं त्यांनी कोपऱ्यातल्या एका नव्या, लहानशा ढिगावर टाकलं आणि त्यावर तो दगड ठेवला.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

नदीमने फॉर्म पुढे केला. मी ओल्या हाताने दोर-जाळीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली सही केली.